दुधाचा भाव गव्हाणीत ठरतो

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसावर बोलणं झालं, ज्वारीवर झालं. मला दुधावर बोलायला सांगितलं आहे. तुमचा जिल्हा काही दुधाचा म्हणून ओळखला जात नाही. मग इथं दुधाचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याचं उत्तर आधी देतो.

मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून आलो आहे. ठाणे जिल्हा, अंबरनाथ तालुका, उल्हास नदीचा परिसर. नाव पाड्याचं असलं तरी आता तिथं इमारती आहेत आणि दूध येतं ते पिशवीतून. आमच्या पट्ट्यात जुनी वैरण म्हणजे भाताचा पेंढा आणि डोंगरउतारावरचं वाळलं गवत. दोन्हींत कस कमी. तिथून पुढं कल्याणकडे म्हशींचे तबेले आहेत. तबेल्याला रान नसतं. गव्हाणीत जे पडतं ते सगळं विकतचं. पेंढा, कडबा, सरकीची पेंड. कडबा ज्वारीचा आणि पेंड कपाशीची, म्हणजे माल तुमच्याच पिकांचा. शहर दूध पितं असं आपण म्हणतो. खरं तर शहर तुमचा कडबा आणि तुमची सरकी पितं.

फरक एवढाच, की तबेलेवाला कडब्याची पेंढी मोजून घेतो आणि पेंडीचं पोतं वजन करून घेतो. दोन्ही त्याच्या वहीत खर्चाला लागतात. तुमच्या घरी कडबा 'घरचा', सरकी 'घरची' आणि मायबहिणींचं शेण-पाणी-धार हे तर कुणी मोजतच नाही. जे मोजलं जात नाही त्याचा भाव कुणी देत नाही. म्हणून आज गव्हाणीचा हिशोब करू.

पाणी घातलं की पोट उपाशी?

संकलन केंद्रावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई पहाटे उठून धार काढते, किटली घेऊन जाते. यंत्रावर आकडा येतो. गायीच्या दुधाचा भाव आपल्या राज्यात साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. एसएनएफ म्हणजे दुधातली चरबी आणि पाणी वगळून जे उरतं ते. प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. आकडा त्याखाली आला की कपात. वरून एक टोमणा, "बाई, पाणी जास्त झालं का?"

२०१८ च्या जुलैत स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं दूध रोखलं, तेव्हा सरकारला लिटरला २५ रुपये कबूल करावे लागले. पण भाव कधीही नुसत्या लिटरचा नसतो. तो आकड्याला बांधलेला असतो. रस्त्यावर मिळवलेला रुपया यंत्राच्या आकड्यात परत जाऊ शकतो.

आता चोरीच्या आरोपाचं पाहू. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली देशभर दुधाची पाहणी केली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात निष्कर्ष जाहीर केले. ६,४३२ नमुने तपासले. जिवाला अपाय होईल अशी भेसळ किती नमुन्यांत निघाली? फक्त १२. मात्र सुमारे ४१ टक्के नमुने फॅट, एसएनएफ अशा कुठल्या ना कुठल्या मापात कमी पडले. त्यांत पाणी घातलेलं दूध नसेल असं मी म्हणत नाही. पाणी घालणारे आहेत, काही नमुन्यांत साखरही सापडली. पण पाण्याचा थेंब न घालताही एसएनएफ पडतो. गायीला पोटभर खायला मिळालं नाही, अंगाला ताकद कमी पडली, की दुधातली प्रथिनं घटतात. कासेत सूज आली की साखर घटते. यंत्र फक्त आकडा सांगतं. तो पाण्यानं पडला की उपासानं पडला हे फॅट-एसएनएफचा आकडा आपल्याला सांगत नाही. ते गव्हाणीकडे पाहिल्यावर कळतं.

कोठीपोटाचा कारखाना

गायीच्या पोटाचे चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, त्याला कोठीपोट म्हणतात. मोठ्या गायीत तो शंभर लिटरपेक्षा मोठा असतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जिवाणू राहतात. कडबा गाय पचवत नाही, हे जिवाणू पचवतात. आपण गायीला चारा घालतो म्हणजे खरं तर या जिवाणूंना घालतो, आणि त्यांनी तयार केलेल्या मालावर गाय जगते.

जिवाणूंनी कडब्याचे, गवताचे धागे कुजवले की त्यांतून जे आम्ल निघतं त्यापासून कासेत फॅट बनते. दाणा, भरडा, पीठ कुजवलं की दुसरं आम्ल निघतं. त्यानं ताकद येते, दुधाची साखर बनते, दूध वाढतं. दोन्ही लागतात. वैरण कमी आणि भरडा जास्त झाला, तर लिटर वाढतात आणि फॅट पडते. नुसता कडबा घातला, तर फॅट बरी राहते आणि लिटर व एसएनएफ पडतात.

यात रवंथाचं काम मोठं आहे. चांगली वैरण मिळालेली गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. चघळताना लाळ सुटते. मोठ्या गायीत ती दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते. या लाळेत सोडा असतो, तो कोठीपोटातलं आम्ल मारतो. पिठूळ खुराक चघळावा लागत नाही, म्हणून लाळ सुटत नाही आणि आम्ल चढतं. धागा कुजवणारे जिवाणू त्यात मरतात. गाय चारा सोडते, शेण पातळ होतं, पुढं खुरांत दुखणं उतरतं.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण लग्नघरी दिसतं. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास देतो, तो मानाचा घास, त्यानं काही बिघडत नाही. पण पंगतीत उरलेला भात, पोळ्या, बुंदी बादली भरून गायीपुढं ठेवली की रात्रीत तिचं पोट फुगतं, सकाळी ती उठत नाही आणि कधी मरतेही. आपण प्रेमानं घातलं. कोठीपोटाला प्रेम कळत नाही, सवय कळते. म्हणून कुठलाही नवा खुराक दहा-पंधरा दिवसांत थोडाथोडा वाढवायचा. वैरण आधी, आंबोण नंतर. आणि आंबोण एकदम न घालता दोन-तीन वेळांत वाटून.

गाय बोलत नाही, पण सांगते

गोठ्यात दुपारी शांत वेळी जा. बसलेल्या दहा जनावरांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असली पाहिजेत. दोनच करत असतील तर गव्हाणीत काहीतरी चुकलं आहे.

गाय भिंत चाटते, माती खाते, दावं चघळते, वाळत घातलेलं लुगडं ओढते. आपण तिला खोडकर म्हणतो, मुसकं घालतो. बहुतेक वेळा तिला फॉस्फरस किंवा मीठ कमी पडलेलं असतं. कोरडवाहू भागातल्या वाळल्या चाऱ्यात फॉस्फरस कमीच असतो. रोज ३० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण एवढ्यानं पुष्कळ गायींची ही खोड जाते.

धारेला लाथ मारते, पान्हा चोरते. कासेला जखम किंवा सूज नसेल, तर वेळ तपासा. ठरल्या वेळी आंबोण समोर आलं, तोच हात, तीच हाक, की पान्हा सुटतो. वेळ रोज बदलली, उपाशी उभी केली, ओरडलं, मारलं, की भीतीनं ती पान्हा आखडते. दूध कासेतच राहतं. राहतं तेही शेवटचं दूध, आणि फॅट शेवटच्या धारेतच सगळ्यात जास्त असते. म्हणजे काठी गायीच्या पाठीवर पडते आणि कपात आपल्या बिलात. वासराला शेवटची धार पाजत असाल तर खुशाल पाजा, त्याचा तो हक्क आहे. पण त्या दिवशीचा फॅटचा आकडा कमी का, हे तेवढं ध्यानात असू द्या.

एकाच गव्हाणीवर चार जनावरं बांधली की दांडगी गाय आधी खाते, पहिलारू कालवड मागं सरते आणि मग तिचंच दूध उतरत नाही. दोघींच्या मध्ये अंतर ठेवा किंवा कमजोर जनावराला वेगळं घाला. याला पैसा लागत नाही.

आणि पाणी. दुधात ८७ टक्के पाणी असतं. दिवसातून दोनदा बादली दाखवून दूध वाढत नाही. गायीपुढं पाणी कायम असलं की ती जास्त खाते आणि जास्त देते. टँकरच्या गावात हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. निदान धार काढल्यावर लगेच आणि वैरणीनंतर पाणी मिळेल एवढं पाहा. उन्हाळ्यात चारा पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी गाय खात नाही. एप्रिल-मेमध्ये वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री टाका.

कडबा : ज्याला कुणी विचारत नाही

तुमच्या हातातला पहिला माल कडबा. भाताच्या पेंढ्यापेक्षा तो सरस, जनावरं आवडीनं खातात. त्यात धागा आहे, म्हणजे फॅट आहे. प्रथिनं मात्र तीन-चार टक्केच. नुसत्या कडब्यावर गाय जगेल, दूध देणार नाही.

मोहोळच्या मालदांडीला आपले लोक इतकी वर्षं का चिकटून राहिले? भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. ताट बुटकं, कणीस मोठं. क्विंटल वाढले म्हणून कौतुक झालं. तज्ज्ञांनी दाणा मोजला, शेतकऱ्यानं दाणाही मोजला आणि पेंढ्याही मोजल्या. आजही आधारभूत किंमत जाहीर होते ती दाण्याची, कडब्याची नाही. पुढं ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कपाशी आली. त्यांचं काड कडब्याची जागा घेत नाही. मग दारातली गाय विकत्या पोत्यावर आली.

दुष्काळात कडब्याला भाव येतो, तर लगेच चाऱ्याला जिल्हाबंदी होते. २०२३ च्या टंचाईतही अनेक जिल्ह्यांत चारा बाहेर नेण्यावर बंदी घातली गेली. भाव पडतो तेव्हा कुणी येत नाही, चढतो तेव्हा बंदी घेऊन येतात. हे आपल्याला कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळापासून ओळखीचं आहे.

छावण्यांचं सांगतो. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात बीड, सोलापूर, नगरकडच्या छावण्यांत उसावर जनावरं जगवली. त्यानं जीव वाचले, हे मान्य केलंच पाहिजे. पण उसात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि वाढ्यांतलं ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लेलं जनावर खंगतं, माजावर येत नाही, आटतं. छावणी उठल्यावर दुधाचं वर्ष गेलेलं असतं. कडब्याची एक गंज जास्त राखून ठेवणं हा त्याच्यावरचा खरा विमा.

कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खातं आणि दांडे तुडवतं. कुट्टी केली की नासाडी वाचते. पण कुट्टी इंचभर ठेवा. पिठासारखी बारीक केली की रवंथ कमी होतो आणि सगळा फायदा जातो. निकृष्ट काड असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया साधारण पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून, झाकून तीन आठवडे ठेवायचं. वास उडाल्यावर थोडंथोडं द्यायचं. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, ते विष आहे.

आणि किराळ विसरू नका. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी, कापणीनंतरचे हिरवे फुटवे यांत सायनाइडसारखं विष असतं. जनावर तासाभरात धापा टाकत पडतं. फुलोऱ्याआधी, विशेषतः ताणातली ज्वारी चरायला सोडू नका. लागलीच तर डॉक्टरला लगेच बोलवा, शिरेतून देण्याची औषधं आहेत. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फार कमी होतो.

सरकी : तुपातसुद्धा ओळखू येते

दुसरा माल सरकी. सरकीत तेल आहे, प्रथिनं आहेत आणि वर रुईचा धागा आहे. म्हणून ती घातली की फॅट उचलते. मोठ्या गायीला दोन किलोपर्यंत भिजवून द्यावी, त्याहून जास्त नको. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विष थोडं असतं. मोठ्या जनावराचं कोठीपोट ते सोसतं, वासराचं सोसत नाही. लहान वासरांना आणि पैदाशीच्या वळूला सरकी टाळा.

सरकीचा गुण तुपात उतरतो. सरकी खाणाऱ्या जनावराचं तूप कडक, लवकर थिजणारं असतं. हे सरकारलाही माहीत होतं. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांत कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळी मोजपट्टी होती. रायचर्ट नावाचा एक आकडा असतो, तो तुमच्या तुपासाठी २१ पर्यंत चालत असे, इतर भागांत जास्त लागे. सरकीचं तेल शोधणारी हाल्फेन चाचणीदेखील सरकी खाल्लेल्या गायीच्या निर्भेळ तुपात लागू शकते. म्हणजे गव्हाणीत काय पडतं हे न विचारता तूप तपासलं, तर प्रामाणिक माणूस भेसळखोर ठरू शकतो. गव्हाणीतला पदार्थ प्रयोगशाळेपर्यंत पोचतो, याहून मोठा पुरावा कोणता?

आता सरकीच्या पेंडीतला धोका. भिजलेली, कोंदट जागी ठेवलेली पेंड बुरशी धरते. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाय खाते आणि एक-दोन दिवसांत दुधात उतरवते. उकळून ते जात नाही. मघाच्या पाहणीत ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेच्या वर होतं. भेसळीचे १२ आणि या विषाचे ३६८ नमुने, आकडे शेजारी ठेवून पाहा. ते दूध आधी आपल्याच घरची लेकरं पितात. पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. काळपट, कुबट, गोळे झालेली पेंड जनावराला घालू नका, दुकानदाराला परत करा. चांगला खुराक सुरू केला की काही दिवसांत दूध निवळतं.

हिशोब

चारशे किलोची संकरित गाय, दहा लिटर दूध. तिला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा माल लागतो. अंगापुरतं दीड किलो आंबोण आणि त्यावर दर अडीच लिटर दुधामागं एक किलो, म्हणजे साडेपाच किलो. बाकी कडबा आणि जमेल तेवढी हिरवी वैरण. बांधावरची सुबाभूळ, शेवरी, थोडं लसूणघास असेल तर आंबोणात बचत होते आणि गायीच्या तुपाला पिवळेपणा येतो. म्हशीला दर दोन लिटरमागं एक किलो. उग्र वासाचा पाला धारेआधी घालू नका, वास दुधात उतरतो.

समजा फॅटच्या एका पॉइंटला ३० पैसे कापतात आणि तुमची फॅट ३.५ ऐवजी ३.१ लागते. चार पॉइंट, लिटरला एक रुपया वीस पैसे. दहा लिटरला बारा रुपये, तीनशे दिवसांच्या वेताला छत्तीसशे रुपये. एवढी रक्कम एका गायीमागं गव्हाणीत अडकलेली आहे. ती सोडवायला मोर्चा लागत नाही.

पण हेही स्पष्ट सांगतो. गव्हाण सुधारली म्हणून उत्पादन खर्चावर भावाची मागणी सुटत नाही. उलट कडबा बाजारभावानं, सरकी बाजारभावानं आणि घरच्या बाईची मजुरी रोजानं धरली, की लिटरचा खरा खर्च पहिल्यांदा कागदावर येईल. तो कागद हातात असल्याशिवाय भावावर बोलता येणार नाही. तेवढं धरून गाय परवडत नसेल तर ती पाळू नका. गाय आहे म्हणून तोट्यात राबलंच पाहिजे असा धर्म कुणी सांगितलेला नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करायचं.

एक, घरात दुधाची वही. रोजचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि गव्हाणीत काय किती घातलं. वही घरातल्या बाईच्या नावाची, कारण काम तिचं आहे.

दोन, प्रत्येक संकलनाची छापील पावती मागायची. यंत्राचा आकडा तोंडी घ्यायचा नाही.

तीन, यंत्र आणि काटा तपासला जातो की नाही, हे गावानं मिळून महिन्याला विचारायचं.

चार, पेंडीचं पोतं लेबल वाचून, उघडून, वास घेऊन घ्यायचं. बिल घ्यायचं.

पाच, येत्या रब्बीत निदान घरच्या जनावरांपुरती ज्वारी पेरायची आणि चाऱ्याच्या जिल्हाबंदीविरुद्ध ठराव करून आणायचा.

वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या. शंभर वह्या एकत्र झाल्या की या जिल्ह्याचा दुधाचा उत्पादन खर्च आपल्याला कुणाला विचारावा लागणार नाही.